न तापणारी गाडी

पुण्यात गाडीचा हीटर बिघडलाय असं सांगितलं की समोरचा माणूस आधी आपल्या तोंडाकडे बघतो आणि मग गाडीच्या नंबराकडे. आमच्या गाडीचा नंबर सोलापूरचा. तो पाहिला की त्याची खात्रीच पटते. "मॅडम, एसी म्हणायचंय ना तुम्हाला?" हा प्रश्न त्या हिवाळ्यात मला किमान सहा जणांनी विचारला असेल. नाही हो, एसी नाही. एसी ठणठणीत आहे. मला गरम वारा पाहिजे, आणि तो येत नाही.

तसा मला तरी तो कशाला हवा होता? हवा होता आईला. तिच्या किडन्यांनी हात टेकल्यावर मी तिला आणि अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सोलापूरहून माझ्याकडे आणलं. मी हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते आणि रिहे नावाच्या गावात एका शेतकऱ्याच्या तीन खोल्या भाड्याने घेऊन राहते. दर मंगळवारी आणि शुक्रवारी आईचं डायलिसिस बावधनला. चार तास मशीनवर, आणि मग तासाभराचा परतीचा रस्ता. जाताना ती बडबड करत यायची, रस्त्यातल्या फार्महाउसांच्या नावांना हसायची. येताना मात्र तिला जी थंडी भरायची ती बघवत नसे. दातांवर दात वाजायचे. दोन ब्लँकेटं, अप्पांचा स्वेटर, वर माझं जाकीट, तरी तिचे हात थरथरत. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. ताप नाही, संसर्ग नाही. मशीनचं तापमानही थोडं वाढवून पाहिलं. "काही जणांना होतं असं. मशीनवरून उठल्यावर उबेत ठेवा," म्हणाले. कॅबवाले रिह्याचं नाव वाचूनच फेरी रद्द करत. म्हणजे ऊब आमच्याच गाडीत तयार करायची होती.

एका शुक्रवारी घोटावडे फाट्याजवळ आई मागच्या सीटवरून म्हणाली, "पोरी, त्या मशीनचं मला काही वाटत नाही बघ. पण ही येतानाची वाट नको झालीय. एवढा महिना काढते. मग मला सोलापूरला सोड. तिथं काय व्हायचं ते होऊ दे."

सोलापुरात डायलिसिस होत नाही असं नाही. पण 'काय व्हायचं ते होऊ दे' म्हणजे काय, हे आम्हा तिघांनाही कळलं होतं.   त्या संध्याकाळी मी ठरवलं की महिन्याच्या आत हा हीटर चालू करायचाच.

दुखणं दुहेरी होतं. पंख्याचं बटण एक, दोन, तीनवर केलं तर काहीच होत नसे. चारवर केलं की एकदम घोंघावत वारा सुटायचा. आणि तो वारा कधी कोमट तर कधी गार. याचा नियम काय, तेच कळेना. भूगावच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास अडकलो की पायांशी जरा ऊब येई आणि मला वाटे, झालं, सुधारली! पिरंगुट मागे पडून मोकळा रस्ता लागला की पुन्हा गार. गाडी उभी राहिली की ऊब, पळायला लागली की थंडी. मी हे दोन आठवडे वहीत लिहून ठेवलं. बिघाड शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, निकाल बघायचा, मगच पुढची गोष्ट. पण आमच्या घरात एका वेळी एकच गोष्ट कधी बदललीच जात नाही. मी बटण चारवर ठेवून बघत असले की अप्पा काच खाली करत. मी काच बंद केली की आई म्हणे, "बंद कर तो पंखा, गार लागतंय." वहीतल्या नोंदी वाचून मला एवढंच कळलं की मला काही कळत नाही.

सगळ्यात आधी पिरंगुटच्या गॅरेजवाल्याकडे गेलो. त्याने समोरचा खण काढून आत हात घातला आणि मूठभर पेंढा बाहेर काढला. मग आणखी मूठभर. मग भाताची फोलपटं, प्लॅस्टिकच्या पिशवीचे तुकडे आणि मागे हरवलेली अप्पांची अर्धी कानटोपी. गाडी आम्ही घरमालकांच्या पडवीत लावतो, भाताच्या पेंढ्याच्या उडवीला टेकून. उंदरांनी त्या पंख्यात बाळंतिणीची खोलीच थाटली होती. "हेच कारण मॅडम, शंभर टक्के," गॅरेजवाला म्हणाला. त्याने सगळं साफ केलं आणि पंख्याचा वेग कमीजास्त करणारा एक जळालेला भाग बदलला. एक, दोन, तीन, चार, सगळं चालू. मी खुशीत गाडी काढली. आता चारही वेगांनी गार वारा येऊ लागला.

मग गेलो बावधनच्या मोठ्या सर्व्हिस सेंटरला. तिथे गाडीला कॉम्प्युटर जोडला, मला कॉफी दिली, आणि टाय लावलेल्या माणसाने अप्पांना सगळं समजावून सांगितलं. गाडी मी चालवत नेली होती, तक्रार मी लिहून दिली होती, पण तो बोलला अप्पांशी. "सर, सिस्टीम में कोई फॉल्ट नहीं दिखा रहा. हीटरचा फ्लॅप पण ओके आहे."

"गाडी तापत नाही ना?" अप्पांनी विचारलं.

"नाही सर, एकदम कूल!"

अप्पांचा चेहरा खुलला. मला मात्र तो कॉफीचा कप कुठे ठेवावा ते सुचेना. गाडी तापत नाही हे ऐकायला आपण आलो होतो का? पण अप्पांचं हे नेहमीचंच होतं. गाडीत बसले की रस्त्याकडे नाही, समोरच्या तापमानाच्या काट्याकडे बघायचे. काटा तळाला असला की खूश. "बघ, कुठवर आलो, तरी काटा हललेला नाही. आपली गाडी तापत नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की ते कानावर पडून खाली सांडून जाई. कुणी बॉनेट उघडलं की त्यांना लगेच चहाची आठवण होई, किंवा आईच्या गोळ्यांची वेळ होई. आयुष्यभर शाळेत पोरांच्या चुका शोधलेल्या माणसाला गाडीची एवढी काळजी कशाला, असं मला वाटे. पण त्याचा मी विचार केला नाही.

पिरंगुटवाल्याने पुढच्या खेपेला कूलंट, म्हणजे इंजिनात फिरणारं पाणी, बदललं. मग कुणी तरी सांगितलं म्हणून एसीचा गॅस भरला. "आजार रेड्याला आणि औषध पखालीला," अप्पा म्हणाले, आणि गंमत अशी की ते अगदी बरोबर म्हणाले. दरम्यान मालकीण काकू दर खेपेला रबरी पिशव्यांत चुलीवरचं गरम पाणी भरून द्यायच्या. "घ्या वो ताई, आईस्नी लागंल." पण आई मशीनवरून उठेपर्यंत त्या गार पडलेल्या असत. हॉस्पिटलबाहेरच्या चहावाल्याने एकदा त्या पुन्हा भरून दिल्या, दुसऱ्यांदा त्याच्याकडे पाणी नव्हतं.  आईने दिलेल्या महिन्यातले नऊ दिवस उरले होते.

त्या सोमवारी सकाळी खोऱ्यात धुकं इतकं होतं की अंगणापलीकडची चिंच दिसत नव्हती. मालक ट्रॅक्टर चालू करत होते आणि त्यांनी त्याच्या तोंडाला, जाळीपुढे, गोणपाट बांधलं होतं. मी दात घासता घासता विचारलं, "काका, हे कशाला?"

"गारठ्यात इंजन लौकर तापंना, म्हून. निम्मं झाकलं की तापतंय."

"पण इंजिन तापलं तर बिघडतं ना?"

मालक हसले. "अवो ताई, इंजनला बी ताप लागतोच की. लई बी न्हाई पायजे, कमी बी न्हाई. चूल पेटलीच न्हाई तर भात कसा शिजंल?"

तोंडात फेस घेऊन मी तशीच उभी राहिले. गाडी पळाली की गार, उभी राहिली की ऊब. पळताना समोरून वारा लागतो. काटा कधीच वर जात नाही. आणि हीटरचा वारा तापतो तो इंजिनच्याच पाण्यावर, हे मला एसीचं विचारणाऱ्या त्या सहांपैकी दोघांनी तरी सांगितलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! हीटर बिघडलाच नव्हता. इंजिनच तापत नव्हतं.

मी मालकांना ओढतच पडवीत नेलं. त्यांनी बॉनेट उघडलं, गाडी चालू करायला सांगितली आणि समोरच्या जाळीकडे जाणाऱ्या जाड नळीवर तळवा ठेवला. दोन-तीन मिनिटं तो तसाच ठेवला. मग माझाही हात तिथे ठेवला. नळी हळूहळू कोमट होत होती.

"ही आत्ताच कोमट व्हाया नको," ते म्हणाले. "इंजन तापेस्तवर पानी आतच फिरायला पायजे. मग वाट उघडती, अन् मग ही नळी तापती. हितं वाट उघडीच हाय."

"हात लावू नका तिथं!" अप्पा ओट्यावरून ओरडले. वर्तमानपत्र त्यांच्या हातातून खाली पडलं होतं. "गाडी चांगली चाललीय. कशाला उगं छेडताय?"

अप्पा मालकांशी कधीच असं बोलले नव्हते. मालकांना राग आला नाही. त्यांनी नुसतं विचारलं, "गुरुजी, ती वाट अडवनारा हितला व्हॉल्व काढलाय का कुनी?"

अप्पांनी वर्तमानपत्र उचलून त्याची घडी घातली. मग म्हणाले, "मीच काढायला लावला."

सोलापुरात ही रीतच आहे, हे मला नंतर कळलं. उन्हाळ्याचा मुलूख. गाडी एकदा तापली की मिस्त्री तो व्हॉल्व काढून टाकतो, पाणी सतत फिरत राहतं, गाडी थंड राहते. तिथे हीटर कुणाला लागतो? गाडी विकेपर्यंत कुणाला काही कळतही नाही. पण अप्पांनी सांगितलं ते एवढंच नव्हतं. सात वर्षांपूर्वी, मी पुण्यात असताना, ते दोघं तुळजापूरहून परत येत होते. भर वैशाखातली दुपार. गाडी तापली, बॉनेटमधून वाफ निघाली. आसपास झाड नाही. गाडीत प्यायच्या पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. "दोन्ही मी गाडीत ओतल्या," अप्पा म्हणाले. "म्हटलं गाडी चालू झाली की दहा मिनिटांत घरी. गाडी चालू झालीच नाही. दोन तास ती उन्हात बसून होती. घोटभर पाणी नाही. शेवटी चक्कर येऊन पडली."

आईला तेव्हा दवाखान्यात सलाइन लावलं होतं, एवढंच मला माहीत होतं. ऊन लागलं, असं दोघांनी फोनवर सांगितलं होतं.

"तिथला डॉक्टर म्हणाला, अंगातलं पाणी संपलं की किडनीला धक्का बसतो. मी ते ऐकून ठेवलं. दुसऱ्याच दिवशी मिस्त्रीकडे गेलो. म्हटलं काहीही कर, ही गाडी पुन्हा तापता कामा नये."

"अप्पा, आईला वीस वर्षं शुगर आहे. किडन्या त्याने गेल्या. इथल्या डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलंय."

"सांगितलंय," अप्पा म्हणाले. त्यांना पटलेलं नव्हतं.

"आणि हीटर यामुळे चालत नाही हे माहीत होतं तुम्हाला?"

"आधी नव्हतं. भूगावात ऊब यायला लागली तेव्हा शंका आली. पण बोललो असतो तर तू तो बसवला असतास."

मला त्या क्षणी इतका राग आला की मी अंगणात जाऊन चूळ भरली आणि बराच वेळ परत आलेच नाही. तीन आठवडे! तीन आठवडे ती मागच्या सीटवर कुडकुडत होती आणि हा माणूस काट्याकडे बघून खूश होत होता. मी धुक्यात उभी राहून मनातल्या मनात त्यांना पुष्कळ बोलून घेतलं. पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी मला त्या दोन बाटल्या दिसायला लागल्या, आणि आपण नक्की कुणावर चिडलोय तेच कळेना. त्यांच्यावर, मिस्त्रीवर, त्या उन्हावर, की मी तेव्हा फोनवर दुसरा प्रश्न विचारला नाही म्हणून स्वतःवर?

मी परत आले तेव्हा मालक अप्पांच्या शेजारी ओट्यावर बसले होते. "व्हॉल्व बसवला म्हंजी गाडी लगीच तापून बंद पडती, असं न्हाई गुरुजी. जाळी चांगली हाय, म्होरचा पंखा फिरतोय, पानी पुरं हाय. मी सोता बघितलंय. बसवू द्या पोरीला." अप्पांनी मान हलवली नाही, पण नाहीही म्हणाले नाहीत. दुपारी पिरंगुटवाल्याने व्हॉल्व बसवला. "हे आधी नाही का सांगायचं!" तो म्हणाला. अप्पा चहा प्यायला गेले होते.

मंगळवारी निघताना अप्पांनी पायांशी पाच लिटरचा पाण्याचा कॅन ठेवला. पिरंगुट येईपर्यंत काटा मधोमध गेला आणि तिथेच थांबला. "थांबव," ते दोनदा म्हणाले. मी थांबवली नाही. बावधनपर्यंत ते त्या काट्याकडे असे बघत होते की जणू नजर हटली तर तो वर सरकेल.

परतीला मी गाडी आधीच दहा मिनिटं चालू ठेवली. आईला मागे झोपवलं, पंखा दोनवर ठेवला. वारा गरम होता. खरोखर गरम. भूगावात गरम, पिरंगुटला गरम, आणि मोकळ्या रस्त्यालाही गरमच. मी आरशात बघत होते. आईचे दात वाजत नव्हते. भुकूमपाशी तिने एक ब्लँकेट बाजूला सारलं होतं, घोटावड्याच्या अलीकडे दुसरं सारलं. आणि मग ती म्हणाली, "अगं बाई, उकडतंय की!"

मला हसू फुटलं. हा शब्द आईच्या तोंडून मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. मी अप्पांकडे वळले, तर त्यांचा चेहरा पांढरा पडलेला.

"गाडी थांबव. आत्ताच्या आत्ता."

या खेपेला मी थांबवली. अप्पा तो जड कॅन घेऊन उतरले, मागचं दार उघडलं आणि आईच्या कपाळाला हात लावला. तिथे घामाचे दोन-चार थेंब होते. "पाणी पी. आधी पाणी पी," ते म्हणत राहिले. हातातला कॅन हिंदकळून निम्मं पाणी त्यांच्याच धोतरावर सांडत होतं.

"अहो, मला पाणी मोजून प्यायला सांगितलंय. विसरलात का?"

अप्पा कॅन तसाच धरून उभे राहिले. त्यांना तो कुठे ठेवावा हे समजत नव्हतं. मग म्हणाले, "त्या दिवशी तुझ्यासाठी ठेवलं नाही मी. दोन्ही बाटल्या ओतल्या."

आईने त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, ती आता विचारील, कुठल्या दिवशी? पण तिला ते विचारायची गरज नव्हती.

"दुसरी मीच दिली की तुमच्या हातात," ती म्हणाली. "तुम्ही नको म्हणत होता. मीच म्हटलं, ओता." मग तिने त्यांच्या हातातला कॅन ओढून आपल्या पायांशी ठेवला. "बसा आता. शुक्रवारी परत यायचंय. दर खेपेला असं मधेच उतरत बसलात तर घरी कधी पोचायचं?"